पहिल्या पिढीतील शिक्षिकांमध्ये विधवा अधिक का?

प्रश्न : जुन्या काळातील शिक्षिकांची चरित्रे वाचताना त्यांतील अनेक जणी बालविधवा असल्याचे दिसते. याचे कारण काय असावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली, तेव्हा जोतीरावांची साथ त्यांच्यामागे होती, पण बहुतेक घरांत मुलगी वयात येताच तिची शाळा सुटत असे आणि पुरुष शिक्षकांच्या हाताखाली मोठ्या मुलींना पाठवण्यास पालक तयार नसत. त्यामुळे शाळा निघाल्या तरी शिकवणाऱ्या स्त्रिया मिळेनात. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे साक्ष देताना शिक्षिका तयार करण्याचा आग्रह धरला, तो याच अडचणीमुळे. दुसरीकडे, केशवपन झालेल्या तरुण विधवेला सासरी राबण्यावाचून गत्यंतर नव्हते. रमाबाईंनी १८८९ मध्ये काढलेल्या शारदा सदनाने आणि धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेल्या अनाथ बालिकाश्रमाने या दोन गरजा एकत्र आणल्या : विधवांना आसरा देऊन शिकवले आणि त्यांतूनच शिक्षिका तयार झाल्या.

शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी कर्वे यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला, हे सर्वश्रुत आहे. मात्र गोदूबाईंची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले यांची आठवण फारशी काढली जात नाही, याची खंत वाटते. मोठेपणी शिक्षण घेतलेल्या पार्वतीबाईंनी आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली आणि पुढे त्या अमेरिकेलाही गेल्या. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने १९०९ पासून हेच काम अधिक विस्ताराने केले.