डायनामो (जुन्या गाड्यांतलं बॅटरी चार्ज करणारं यंत्र) काढून अल्टरनेटर (त्याच कामाचं नवं यंत्र) बसवलेली जुनी अँबॅसिडर, बॅटरी चार्ज होत नाही. अल्टरनेटर बदलू का?

थांबा, आधी बॅटरीला मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावा. इंजिन बंद असताना बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास हवी, चालू केल्यावर 13.8 ते 14.4. आकडा वाढलाच नाही तर डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा बघा. चावी फिरवल्यावर तो पेटतो का? बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून जातो. बल्ब उडाला की चार्जिंग सुरूच होत नाही, आणि माणसं चांगला अल्टरनेटर भंगारात देतात. फार वाईट वाटतं.

दिवा ठीक असेल तर अर्थिंग बघा. आमच्या खानापूरकडच्या पावसात इंजिनला गाडीच्या बॉडीशी जोडणारी अर्थ पट्टी हमखास सडते. माझ्या गाडीची वरून धड दिसत होती. नट सोडला तर आत हिरवी भुकटी. पॉलिश पेपरने घासली, व्होल्टेज लगेच 14.1.

डायनामोची जुनी बारीक वायर तशीच ठेवली असेल तर जाड घाला, बारीक वायर तापते. डायनामोचं व्होल्टेज आवरणारा जुना रेग्युलेटरचा डबा सर्किटमधून काढलाय ना, तेही तपासा.

आणि इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून बघायची जुनी सवय सोडा, अल्टरनेटरमधले डायोड (एसी करंटचा डीसी करणारे भाग) उडतात.