एका उन्हाळ्यात मुलांना सायकल, पोहणं आणि तंबूतली रात्र हे सगळं जमेल का? मूल घाबरलं तर ढकलावं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याच्यासाठीच लिहायला बसलोय. नाही. ढकलू नका.

तुम्ही लिहिलंय की मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाच. सुट्टी दोन महिन्यांची, त्यातले शनिवार-रविवार तेवढे तुमच्या हातात. यादीत सायकल, पोहणं आणि एक रात्र तंबूत. आणि मग जाता जाता विचारल्यासारखं: मुलगी पाण्याला घाबरते, एकदा ढकलून तिची भीती मोडावी का?

मला आठव्या वर्षी असंच ढकललं होतं. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठ्या भावानं. दादाच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यालाही कोणीतरी असंच ढकललं होतं, तो हातपाय मारत वर आला होता आणि महिन्याभरात उत्तम पोहायला लागला होता. मी काठावर पाठमोरा उभा होतो. पाठीवर त्याचा पंजा टेकलेला जाणवला आणि पुढच्या क्षणी सगळं हिरवं झालं. नाकातून पार डोक्यापर्यंत झोंबलं. त्यानं लगेच उडी मारून मला बाहेर काढलं, सगळं मिळून दहा सेकंदसुद्धा गेली नसतील. त्यानंतर एकोणतीस वर्षं मी गुडघ्याच्या वर पाणी येईल तिथे उतरलो नाही. सगळे पाण्यात असताना काठावर कपडे आणि घड्याळं सांभाळत बसणारा मी. दादा आजही म्हणतो, 'दुसऱ्या दिवशी परत आला असतास तर शिकला असतास.' म्हणजे चूक ढकलण्यात नव्हती, माझ्या न येण्यात होती. हा वाद आमच्यात कधी मिटलाच नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझी मुलगी नऊ वर्षांची होती. तिचं नाव पोहण्याच्या वर्गात घातलं. फॉर्म भरताना तिनं विचारलं, 'बाबा, तू का नाही येत पाण्यात?' एवढंच. टोमणा नव्हता, तिला खरंच माहीत नव्हतं. मी तिथेच दुसरा फॉर्म मागून घेतला. सदतिसाव्या वर्षी.

शिकवणाऱ्या बाईंनी पहिले चार दिवस आम्हाला पायऱ्या सोडू दिल्या नाहीत. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, तोंड पाण्यात घालायचं आणि बुडबुडे काढायचे. श्वास बाहेर घ्यायचा, सोडायचा पाण्यात. मला वाटायचं, हे काय शिक्षण? चौथ्या दिवशी कळलं. घाबरलेला माणूस श्वास रोखून धरतो, मग डोकं वर आल्यावर त्या एवढ्याशा वेळात त्याला आधी जुना सोडायचा असतो आणि मग नवा घ्यायचा असतो. ते जमत नाही आणि पाणी आत जातं. बुडबुडे सवयीचे झाले की अर्धी झटापट संपते.

मग उताणं तरंगणं. छाती हवेनं भरलेली असली की बहुतेक माणसं तरंगतात, त्याला ताकद लागत नाही. पण डोकं वर उचललं की कंबर आणि पाय खाली जातात, कारण पाण्याबाहेर काढलेल्या डोक्याचं वजन पाणी पेलत नाही. आणि घाबरल्यावर आपण नेमकं काय करतो? मान ताठ करून डोकं वर काढतो. म्हणजे ढकललेलं मूल पहिल्या दहा सेकंदांत जे शिकतं, ते बुडायचं आसन असतं. हे मला दादाला कधी सांगता आलं नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं.

मुलगी सहाव्या दिवशी तरंगली. मी अकराव्या. त्या अकराव्या दिवशी बाई पलीकडे दुसऱ्यांना बघत होत्या, म्हणून माझी मुलगी माझ्या डोक्याशी येऊन उभी राहिली आणि माझ्या मानेखाली तिनं दोन बोटं धरली. म्हणाली, 'मान सोड बाबा. वर बघ. कान बुडू देत.' कान बुडले तसा सगळा आवाज गेला, फक्त माझाच श्वास ऐकू येत होता. बोटं कधी काढली ते मला कळलं नाही. उभा राहिलो तेव्हा ती दोन हात लांब होती आणि टाळ्या वाजवत होती. मी तिच्यासमोर रडलो. त्यात लपवण्यासारखं काही वाटत नाही.

महिन्याच्या शेवटी तिनं २५ मीटर पार केले. मी तलावाची रुंदी, साडेबारा मीटर, एकदाही पाय न टेकता. त्या दिवशी दादाला मुद्दाम बोलावलं होतं. तो काठावर बसून सगळं बघत होता. मी बाहेर आल्यावर त्यानं टॉवेल पुढे केला आणि म्हणाला, 'मी तेव्हाच म्हणत होतो, तुला येईल.' मी काही बोललो नाही. पण इथे बोलतो: नाही दादा, तू ते म्हणत नव्हतास. तू म्हणत होतास की भीती मोडायची असते. मुलीला माझी भीती मोडावी लागली नाही, तिनं नुसती मानेखाली दोन बोटं धरली.

आता सायकल, कारण तिथेही हेच आहे. आमचा धाकटा तेव्हा सहा वर्षांचा होता. साइडची चाकं लावू नका, असतील तर काढा. सायकल ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल थोडं वळवलं की ती सावरते, तोल म्हणजे एवढंच. साइडची चाकं तिला कलूच देत नाहीत, त्यामुळे वर्षभर चालवूनही मूल तोल शिकत नाही. त्यापेक्षा दोन्ही पेडल काढून ठेवा (डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवलं की सुटतं, हे माहीत नसेल तर पाना मोडायची वेळ येते), सीट इतकी खाली घ्या की दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकतील, आणि त्याला पायानं रेटत फिरू द्या. कार्ल फॉन ड्राइसनं १८१७ साली जर्मनीत काढलेलं पहिलं दुचाकी यंत्र असंच होतं, पायानं रेटायचं. पेडल आली १८६० च्या दशकात. मुलालाही त्याच क्रमानं जाऊ दे. आमचा दुसऱ्या रविवारी हलक्या उतारावर पाय उचलून पंधरा-वीस फूट जायला लागला, तिसऱ्या रविवारी पेडल लावली आणि तासाभरात तो गेला. मागून धरायचंच असेल तर काखेत धरा, हँडल कधीच धरू नका. हँडल तुमच्या हातात असेल तर तोल तुम्ही सांभाळताय, तो नाही.

त्याच तिसऱ्या रविवारी तो पडला आणि खालचा पुढचा दात हातात आला. दुधाचा होता, आधीपासून हलत होता, त्यामुळे घरात त्या दिवशी दोन सोहळे झाले. पण हे लक्षात ठेवा: दुधाचा दात पडला तर परत बसवायचा नसतो. मोठ्या मुलीचा कायमचा दात मुळासकट निघाला तर गोष्ट वेगळी. तो मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरून उचलायचा, माती असेल तर हलकेच धुवायचा, जमलं तर लगेच खाचेत बसवायचा, नाहीतर दुधात घालून अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्य गाठायचा.

तंबूबद्दल फारसं सांगत नाही, ते सगळ्यात सोपं आहे. अंगावरच्या पांघरुणापेक्षा अंगाखाली काय आहे ते बघा, जमीन रात्रभर ऊब ओढून घेते. आणि टॉर्च बंद करा. सप्तर्षींच्या शेपटीची कमान तशीच पुढे नेली की स्वाती लागतो, नारिंगी आणि ठसठशीत, आणखी पुढे नेली की चित्रा. स्वाती सुमारे ३७ प्रकाशवर्षं लांब आहे. त्याचा जो उजेड आम्ही त्या रात्री पाहिला तो माझ्या जन्माच्या आसपास निघालेला होता. धाकट्याला हे पटेना. 'मग तू तेवढाच वेळ चालतोयस?' म्हणाला. हो म्हटलं.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. पाण्याजवळ मूल हाताच्या अंतरावर ठेवा, मोबाइल पिशवीत. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, हात हलवून बोलावतही नाही. उभंच असतं, डोकं मागे, तोंड पाण्याच्या पातळीला, आणि एखाद्या मिनिटाच्या आत दिसेनासं होतं. दंडाला लावायचे हवेचे फुगे म्हणजे संरक्षण नव्हे. सायकलला हेल्मेट हवंच. भर उन्हात काहीच नको, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. आणि हेही खरं की काही मुलं ढकलल्यावर शिकतात, दादा शिकला. तुमची मुलगी त्यातली आहे की माझ्यातली हे ढकलल्याशिवाय कळत नाही, आणि कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

एका उन्हाळ्यात सगळं जमेल का? सायकल आणि तंबू नक्की. पोहण्याला नुसते शनिवार-रविवार कमी पडतील, आठवड्याभराच्या खंडात पाणी परत परकं होतं; सकाळचा रोजचा तास मिळतोय का बघा. पाच वर्षांच्याला या वर्षी फक्त बुडबुडे पुरेत. आणि तुम्हाला स्वतःला पोहता येतं का, हे तुम्ही लिहिलं नाही. येत नसेल तर मुलीच्याच वर्गात, तिच्याच दिवशी नाव घाला.