नणंदेची शेजारीण बरी झाली, मग मलाच स्टेरॉइड का?

प्रश्न : डॉक्टर, मी फोंड्याला प्राथमिक शिक्षिका आहे, वय 47. वर्षभर कोरडा खोकला, चढण आली की दम, वजनही उतरलं. सहा महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या, गुण नाही. मग छातीतल्या गाठीचा तुकडा तपासला तर सार्कॉइडोसिस निघाला, म्हणजे अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होण्याचा आजार. आता प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू आहे. माझी नणंद स्टॉकहोमला असते. तिच्या शेजारणीला हाच आजार झाला. नडगीवर लाल गाठी आल्या, घोटे सुजले, ताप आला, आणि स्टेरॉइड न घेताच ती बरी झाली. माझं निदान पुन्हा चुकलं का?

उत्तर : नाही ताई. शेजारीणही खोटं सांगत नाही. ताप, घोटे, नडगीवरच्या दुखऱ्या गाठी आणि एक्स-रेत दोन्हीकडे सारख्या फुगलेल्या ग्रंथी, या दुखण्याला लोफग्रेन सिंड्रोम म्हणतात. लोफग्रेन हे स्वीडिश डॉक्टरच. तिकडच्या लोकांत एचएलएचा, म्हणजे रोगप्रतिकाराशी जोडलेल्या जनुकांचा, एक प्रकार बराच आढळतो. तो असलेल्यांचा लोफग्रेन बहुधा दोन वर्षांत आपोआप ओसरतो. आपल्याकडे लोफग्रेन कमी. आपला रोगी येतो तो तुमच्यासारखाच, खोकला, दम आणि उतरलेलं वजन घेऊन. म्हणजे थेट टीबीच्या वेशात!

म्हणून पहिल्या डॉक्टरांवर फार रागावू नका. एक खूण मात्र सुटली असावी. आपल्याकडे टीबीचे जंतू अंगात घेऊन फिरणारे पुष्कळ, त्यामुळे मँटूची, म्हणजे टीबीसाठी हातावर सुई टोचून करतात ती, चाचणी फुगणं नवलाचं नाही. ती अगदी सपाट राहिली आणि दोन्हीकडे गाठी असल्या, तर मी तरी आधी तुकडा मागतो.

देशोदेशी या आजाराचं रूप वेगळं. जपानी रोग्यांत तो डोळे आणि हृदय जास्त गाठतो. तिथे सार्कॉइडोसिसने मृत्यू झालाच तर बहुतेकदा हृदयामुळे. अमेरिकेत डेट्रॉइटच्या 1997 च्या पाहणीत वर्षाला लाखामागे नवे रोगी कृष्णवर्णीयांत सुमारे 35, गोऱ्यांत 11 आढळले. कृष्णवर्णीयांत तो जास्त अवयवांत पसरतो आणि रेंगाळतो. यात केवळ रक्ताचाच हात आहे असं समजू नका. औषधोपचार कुणाला वेळेवर मिळतात, हेही त्यात येतं.

पण वंश पाहून माणसाचं भविष्य सांगता येत नाही. माझ्याकडे सासष्टीतला एक तारवटी यायचा. बोटीवर चढण्याआधीच्या तपासणीत एक्स-रेत गाठी दिसल्या. खोकला नाही, ताप नाही, आणि टीबीच्या संशयावरून त्याची ती फेरी बुडाली. तुकड्यात सार्कॉइडोसिस निघाला. मी एकही गोळी दिली नाही, नुसते एक्स-रे काढत राहिलो, गाठी विरल्या. गोंयकारच तो, तरी वाट शेजारणीची! तुमच्या फुप्फुसाला दम लागतो, म्हणून तुम्हाला औषध.

प्रेडनिसोलोन मनाने थांबवू नका. डोळा लाल नसला तरी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या, आणि ईसीजी काढा. छातीत धडधड किंवा भोवळ आली तर लगेच दाखवा. आणखी एक. स्टेरॉइडने हाडं झिजतात म्हणून फार्मसीतून डी-थ्रीची, म्हणजे ड जीवनसत्त्वाची, पुडी आणली असेल, तर आधी रक्तातलं कॅल्शियम पाहा. या आजारातल्या गाठी स्वतःच ड जीवनसत्त्वाचं कार्यक्षम रूप बनवतात. कॅल्शियम आधीच चढलेलं असलं तर ती पुडी मूत्रपिंडांना महाग पडेल.