बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी जर्मन आणि फायनान्सची तोंडओळख एकत्र झेपेल का?

नक्की झेपेल, पण जर्मनला रोज अर्धा तास द्यावाच लागेल. पुण्यात असाल तर फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात, आधी चौकशी करा. तीन लिंगांची आपल्याला सवय आहे, हा मोठा फायदा. मात्र ती जुळतीलच असं नाही: जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी! म्हणून प्रत्येक नाम लिंगासकटच पाठ करा.

फायनान्समध्ये सुरुवातीला चक्रवाढ व्याज आणि ताळेबंद पक्के करा. ८ टक्क्यांनी १०० रुपये ९ वर्षांत जवळपास २०० कसे होतात, ते स्वतः कागदावर मांडून पाहा. आणि व्याज म्हणजे ‘त्सिन्स’, ताळेबंद म्हणजे ‘बिलान्त्स’, असे शब्द त्याच वहीत टिपत जा.