ॲडमिनकी घेण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

द्राक्षवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपची ॲडमिनकी तुझ्याकडे द्यायचं ठरलं आणि रात्री अकराला तुझा फोन, "काका, त्या तिघांना आधी काढून टाकू का?" झोपेत होतो, नीट बोललो नाही. म्हणून हे लिहितोय. आठ वर्षं ग्रुप सांभाळला, त्यातली पहिली तीन-चार वर्षं चुका करण्यातच गेली.

2019 चा ऑक्टोबर तुला आठवत असेल. दिवाळी झाली तरी पाऊस हटत नव्हता. छाटणी होऊन कोवळी फूट आलेली, घड दिसायला लागलेले, म्हणजे डावणीला, त्या बुरशीच्या रोगाला, निमंत्रणच. एका सकाळी एका तात्यांनी पानाचा फोटो टाकला. वरून तेलकट पिवळे डाग, पान उलटवलं तर पांढरी बुरशी. विचारलं, "हे काय हाय?" कोणी उत्तर देण्याआधीच आपल्यातल्या एका हुशाराने लिहिलं, "तात्या, तीस वर्षं शेती केली का गंमत?" त्याखाली अकरा जणांचे हसरे चेहरे. मी मोजले होते, पण नंतर. त्या वेळी मी दुसरीकडे गुंतलो होतो. दोघांची राजकारणावरून जुंपली होती आणि मी न्यायाधीश होऊन दोघांना दाखले देत बसलो होतो. तात्यांना उत्तर मिळालं रात्री आठला, मधे दीडशे मेसेज वाहून गेल्यावर. तसल्या हवेत एक दिवस म्हणजे फार झाला.

त्यानंतर तात्यांनी ग्रुपवर एकही फोटो टाकला नाही. मला ते कळलंसुद्धा नाही. वर्षभराने पिंपळगावच्या मार्केटात भेटले तेव्हा म्हटलं, ग्रुपवर दिसत नाही? "वाचतो ना रोज," म्हणाले आणि विषय बदलला.

तेव्हापासून माझी बघायची रीत बदलली. दंगा कोण करतं हे कुणालाही दिसतं. त्या दंग्याने कोण गप्प झालं, हे ॲडमिनने बघायचं. 2022 पासून कोणी ग्रुप सोडला तर त्याची सूचना फक्त ॲडमिनला येते, बाकीच्यांना नाही. ती बारकी ओळ आली की त्याच दिवशी फोन कर. समजूत घालायला नको, नुसतं विचार.

आता तुझे ते तिघं. दिवसभर पक्षाचे फॉरवर्ड टाकणाऱ्याला घाबरू नकोस. पोरगा पुण्याला, बायको गेलेली, माणूस एकटा आहे. त्याला रोज सकाळी बाजारभाव टाकायचं काम दे. माझ्या वेळी एकाला दिलं होतं, त्याचे निम्मे फॉरवर्ड आपोआप आटले. निम्मेच हं, सगळे नाही.

टोमणे मारणाऱ्याला ग्रुपवर एक शब्द बोलू नकोस. चारचौघांत टोकलं की तो इरेला पेटतो आणि बाकीचे बघायला जमतात. फोन कर किंवा चहाला बोलाव. आणि त्याने ज्याला टोमणा मारला, त्याच्या प्रश्नाला आधी उत्तर दे. हा क्रम मी उलटा केला होता.

तिसऱ्याबाबत मात्र माझं मन कठोर आहे. तो शेतकरी म्हणून आत आलाय, पण दर दोन दिवसांनी "मी हे मारलं, मण्यांची फुगवण बघा" म्हणून एका टॉनिकचा फोटो टाकतो. बाटलीवर घटक लिहिलेले नसतात. विचारलं तर दुकानाचा नंबर देतो. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या, म्हणजे वेलीची वाढ रोखायला मारतात त्या आपल्या सीसीसीच्या अंशामुळे युरोपात आपला माल अडकला होता. तेव्हा कित्येकांचं वर्ष बुडालं. निर्यातीच्या बागेत अनोळखी बाटली शिरली तर रेसिड्यूचा, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशाचा, रिपोर्ट येईपर्यंत कळतही नाही. त्याला एकदा फोनवर सांग, घटक आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं ते लिहिल्याशिवाय औषधाचं नाव टाकायचं नाही. दुसऱ्यांदा टाकलं की मेसेज काढ. तिसऱ्यांदा त्याला काढ. मेसेज काढलास की तिथे कोणत्या ॲडमिनने काढला ते दिसतं. दिसू दे. आणि हाच नियम माझ्या मावसभावालाही लाव, त्याचंही औषधाचं दुकान आहे. मी त्याच्याकडे दोन वर्षं काणाडोळा केला आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

अफवेला मात्र तीन संधी द्यायच्या नसतात. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते ते. त्याआधी कित्येक दिवस मोबाइलवर पोरं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. तसला मेसेज दिसला की आधी पुसायचा, मग टाकणाऱ्याशी बोलायचं. रात्रीची वेळ असेल तर ग्रुप "फक्त ॲडमिन"वर टाक आणि सकाळी उघड.

कायद्याची तुला धास्ती आहे, ती कमी कर. गोंदियाकडच्या एका प्रकरणात 2021 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलंय, की सदस्याने काही वाईट टाकलं म्हणून नुसत्या ॲडमिनपणामुळे गुन्हा लागत नाही. दोघांचं संगनमत दिसायला हवं. पण पोलीस ठाण्यात बसून निकाल समजावत बसायची वेळ कशाला आणायची?

काढून टाकणं मी दोनदाच केलं. एकदा बरोबर होतं. दुसऱ्यांदा रागात केलं, रात्री साडेअकराला. त्याने सकाळी दुसरा ग्रुप काढला आणि आपले चाळीस जण घेऊन गेला. त्यात दोन चांगले जाणकार होते, ते आजतागायत परत आले नाहीत.

तात्या अजून ग्रुपमध्ये आहेत. गेल्या छाटणीनंतर त्यांनी मला एकट्याला एका पानाचा फोटो पाठवला. म्हटलं, ग्रुपवर टाका की, दहा जण सांगतील. म्हणाले, "राहू दे, तूच सांग." यंदाच्या छाटणीआधी तू एकदा त्यांच्या बागेत जाऊन ये. सकाळी सातच्या आत जा, नंतर फवारणीचा ब्लोअर सुरू होतो आणि काही ऐकू येत नाही.

तुझा काका