"काका, तुमच्यानंतर आम्ही"

माझ्याकडे एक तक्रार वर्षानुवर्षं वेगवेगळ्या तोंडांनी येते. कधी सोसायटीतलं पार्किंग, कधी जिममधली ट्रेडमिल, कधी बागेतला झोपाळा. जागा सगळ्यांची असते, कुणीतरी ती धरून बसलेलं असतं आणि समोरचा मला विचारतो, "ताई, भांडण न करता यांना उठवायचं कसं?" त्याला उत्तर म्हणून इथल्याच, इंदूरमधल्या, एका गृहस्थांची गोष्ट सांगते. त्यांच्याबाबतीत जागा होती टेनिस कोर्टाची. लिहायला त्यांनी होकार दिला आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

खरं तर ते टेनिससाठी आलेच नव्हते, बायकोने पाठवलं होतं. वय 41, विम्याच्या ऑफिसात नोकरी, स्वभावाने मवाळ. पण सकाळी घरात पाऊल टाकलं की चिडचिड सुरू. एकदा पोह्यांवर जिरावण (वरून भुरभुरायचा मसाला) कमी पडलं म्हणून ताटली ढकलून दिली होती. मी विचारलं, "सकाळीच का? रात्री का नाही?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सकाळी कोर्टावरून आलेलो असतो ना."

राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर, अशा आपल्या मराठी घरांच्या ज्या वस्त्या आहेत, तसल्याच एका कॉलनीत ते राहतात. तिथल्या बागेच्या कोपऱ्यात सिमेंटचं एकच टेनिस कोर्ट आहे. दिवे नाहीत. त्यामुळे उन्हाळ्यात उजाडल्यापासून ऊन चटके देईपर्यंतचे जेमतेम दोन तास खेळायला मिळतात. हे आणि त्यांची तेरा वर्षांची मुलगी सव्वासहाला पोचत. तोवर चार ज्येष्ठ मंडळींचं डबल्स सुरू झालेलं असे. एक सेट व्हायचा. मग नेटजवळ खुर्च्या मांडून थर्मासमधला चहा. रॅकेट नेटला टेकवलेल्या, कोर्ट रिकामं, पण 'त्यांचं'. चहानंतर दुसरा सेट.

"गेल्या महिन्यात 26 दिवस गेलो," ते म्हणाले, "खेळायला मिळालं 9 दिवस." मोबाइलमध्ये नोंद होती. असा हिशोब मी कधीच हसण्यावारी नेत नाही. ज्याला तोंडाने बोलता येत नाही, तो मनात मोजत बसतो आणि ते मोजलेलं कुठेतरी बाहेर पडतंच. इथे ते पोह्यांच्या ताटलीवर पडलं होतं.

"मग बोललात का कधी?"

"कसं बोलू ताई? त्यातले एक काका बाबांचे मित्र. माझ्या मुंजीत जिलब्यांचं ताट घेऊन पंगतीत फिरत होते. त्यांना 'उठा' म्हणू?"

तोंडाने म्हणता येईना, म्हणून एका रात्री अकरा वाजता त्यांनी कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं: काही ज्येष्ठांनी सार्वजनिक कोर्ट स्वतःच्या मालकीचं समजू नये. नाव कुणाचंच नव्हतं, पण कळायचं त्यांना कळलं. दुसऱ्या दिवसापासून ते काका संध्याकाळी बाबांना फिरायला बोलवायला येईनासे झाले. घरात बाप-लेकाचंही बिनसलं.

मी त्यांना कागद दिला आणि कोर्ट काढायला सांगितलं. त्यांनी चौकट काढली, मधे नेट, एका बाजूला जाळीचं गेट. "आता तुम्ही कुठे बसता ते दाखवा." त्यांनी गेटपासून बरंच लांब, कडुनिंबाखाली, बाकाची खूण केली. तीस-पस्तीस पावलं तरी असतील.

"हातात काय असतं?"

"मोबाइल."

"रॅकेट?"

"बॅगेत. पोरगी वैतागून बॅगेची चेन उघड-मीट करत बसते."

मी माझं पेन उभं धरून काका खेळतात त्या बेसलाइनवर ठेवलं. "इथे उभं राहून तुमच्याकडे बघा. काय दिसतं?"

त्यांनी बराच वेळ कागदाकडे पाहिलं. "बाप-लेक बागेत बसलेत," ते हळूच म्हणाले.

बहुतेक जण अडतात ते इथेच. आपण ताटकळलोय हे आपल्याला इतकं ठसठसत असतं, की ते समोरच्यालाही दिसत असणार असं आपण धरून चालतो. दिसत नसतं. निदान 'मला दिसलं नाही' म्हणायला त्याला जागा तरी राहते.

टेनिसमधलं मला काही कळत नाही, म्हणून मी विचारलं, "एक सेट म्हणजे किती वेळ?" ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, त्याला धरबंधच नाही. सहा गेम आधी जिंकायचे, पण दोनने पुढे राहून. एकेका गेममध्ये ड्यूस, म्हणजे 40-40 ची बरोबरी, होत राहिला की संपतासंपत नाही. सेट वीस मिनिटांत आटोपेल, नाहीतर तासभर चालेल. 2010 साली विम्बल्डनला इस्नर आणि माहू यांची मॅच तीन दिवसांत मिळून 11 तास 5 मिनिटं चालली, शेवटचा सेट 70-68. 6-6 झाल्यावर टायब्रेकने, म्हणजे एकाच निर्णायक गेमने, सेट संपवायची सोय विम्बल्डनमध्ये 1979 पासून होती, फक्त त्या काळी शेवटचा सेट त्यातून वगळलेला होता. आता चारही मोठ्या स्पर्धांत शेवटच्या सेटलाही 6-6 वर दहा गुणांचा टायब्रेक असतो.

मला हे फार उपयोगी वाटलं. 'हा सेट झाला की सोडतो' हे वचन सगळे प्रामाणिकपणे देत होते, पण त्या वचनात घड्याळच नव्हतं.

मग सराव. मी काका झाले. त्यांचं पहिलं वाक्य असं: "काका, म्हणजे... तुमचं झालं असेल तर... नाही, होऊ द्या सावकाश." मी म्हटलं, "हो रे बाबा, सावकाशच चाललंय," आणि हातातली कागदाची सुरळी रॅकेटसारखी फिरवली. दोघंही हसलो, पण त्यांना कळलं. परवानगी त्यांनीच देऊन टाकली होती.

आम्ही ते वाक्य बाजूला ठेवलं. आधी फक्त पोचल्याबरोबर रॅकेट बाहेर काढून गेटशी उभं राहायचं आणि सांगायचं, "नमस्कार काका, तुमच्यानंतर आम्ही दोघं." यात कुणाला उठवणं नाही, साधी माहिती आहे. पण तिथून पुढे आत खेळणाऱ्याला आपण वाट बघतोय हे ठाऊक असतं. मग बाजू बदलताना (रॅली चालू असताना नाही!) "कितीवर आलंय?" आणि शेवटी "हा सेट झाला की आम्ही घेतो."

'घेऊ का?' नाही, 'घेतो'. या एका क्रियापदावर आमचं अर्धं सत्र गेलं. 'घेऊ का' म्हटलं की निर्णय समोरच्याच्या हातात जातो आणि तो नाही म्हणाला की आपण अपमान गिळत घरी येतो. आधी 'काका' म्हणून नंतर शांत आवाजात 'आम्ही घेतो' म्हटलं, तर मान राखला जातो आणि आपली पाळीही सुटत नाही. मराठीत ही सोय आहे, ती आपण वापरावी.

त्याआधी मात्र एक काम होतं. त्या मेसेजबद्दल काकांच्या घरी जाऊन माफी मागायची, आणि त्या भेटीत कोर्टाचं नाव काढायचं नाही. ते उसळले, "म्हणजे चूक माझीच?" मी म्हटलं, मेसेजपुरती, हो. कोर्टाचा मुद्दा तुमचा बरोबर आहे, म्हणूनच तो माफीत मिसळू नका. ते बाबांना घेऊन गेले. बाबांनी नंतर त्यांना सांगितलं की काकू गेल्यापासून त्या घरी सकाळचा चहा होतच नाही, काका थर्मासमधलाच पितात. मला वाईट वाटलं. चौघांनी कोर्ट धरून ठेवलं होतं त्यात खेळाइतकाच तो चहा होता, आणि चहाला कोर्ट लागत नाही.

चौथ्या दिवशी ते गेटशी उभं राहून बोलले. काका थांबले. "अरे, आधी सांगायचं ना! आम्हाला वाटलं पोरीला फिरायला आणतोस." हे वाक्य त्यांनी मला दोनदा ऐकवलं. सगळे मात्र असे नव्हते. दुसरे एक जण ताडकन म्हणाले, "आम्ही वीस वर्षं खेळतोय इथे." याची तयारी आम्ही केली होती. "हो काका, म्हणून नियमही तुम्हीच घालून द्या. तुमचं सगळे ऐकतात." ही खुशामत नव्हती. कोर्टावर येणारी कॉलेजची मुलं खरोखरच त्या चौघांखेरीज कुणाला जुमानत नव्हती.

नियम चौघांनीच ठरवला. कुणी थांबलेलं नसेल तर हवं तितकं खेळा. थांबलेलं असेल तर एक सेट किंवा 45 मिनिटं, जे आधी होईल ते, आणि सुरुवातीचा वॉर्मअप त्यातच धरायचा. 6-6 झालं तर टायब्रेक. आलेल्याने रॅकेट जाळीला अडकवायची, त्याच क्रमाने पाळी. गर्दी असेल तर दोघादोघांनी वेगळं न खेळता चौघांनी डबल्स खेळायचं. चहा जाळीबाहेर. थर्मास आता कडुनिंबाखालच्या बाकावर असतो.

सगळं गोड झालं असं नाही. त्या चौघांतले एक अजूनही यांच्याशी तुटक बोलतात. आणि जिथे समोरचा दमदाटी करतो, अंगावर येतो, तिथे ही वाक्यं पुरत नाहीत. तिथे एकट्याने न जाता चार जणांनी मिळून बागेच्या व्यवस्थापनाकडे लेखी द्यावं, हेही मी त्यांना सांगून ठेवलं होतं.

जूनमध्ये ते पुन्हा आले तेव्हा जरा ओशाळलेले होते. आदल्या दिवशी दोन मुलं गेटशी येऊन म्हणाली होती, "अंकल, आपके बाद हम." तेव्हा लेकीबरोबर 5-5 होता आणि घड्याळात 43 मिनिटं झाली होती. "ताई, सोडवेना हो. सहा मिनिटं जास्त खेळलो. त्यातला एक मोबाइल काढून बाकाकडे जायला लागला. मी हाक मारली, इथेच थांबा, झालंच." मी विचारलं, तेव्हा काकांबद्दल काय वाटलं? ते म्हणाले, "त्यांनाही असंच होत असणार."

काका आता गेम संपला की बाकाकडे तोंड करून मोठ्याने स्कोअर सांगतात. "चार-दोन!" आणि मुलगी बॅगेतून रॅकेट काढते.