एक्सचेंजशिवाय बिटकॉइन देऊन थेट लाइटकॉइन घेता येतात का? समोरचा पळाला तर?

येतात. याला अ‍ॅटॉमिक स्वॉप म्हणतात. २०१७ मध्ये लाइटकॉइन आणि डिक्रेड या दोन क्रिप्टोचलनांमध्ये असा व्यवहार झालाही आहे.

तुम्ही एक गुप्त संख्या निवडता आणि तिच्या हॅशने (संख्येवरून काढलेला ठसा, ज्यावरून मूळ संख्या ओळखता येत नाही) आपले बिटकॉइन कुलूपबंद करता. समोरचा त्याच हॅशने लाइटकॉइन अडकवतो. तुम्ही ते उचलताना गुप्त संख्या ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या व्यवहारांच्या नोंदवहीत, उघड होते, तीच वापरून तो बिटकॉइन घेतो. कुणी मध्येच थांबलं, तर मुदतीनंतर पैसे ज्याचे त्याला परत.

मुदती मात्र नीट तपासा! सुरुवात करणाऱ्याची मुदत जास्त हवी, समजा ४८ तास, आणि दुसऱ्याची २४. दोन्ही सारख्या ठेवल्या, तर सुरुवात करणारा शेवटच्या क्षणी लाइटकॉइन उचलून बिटकॉइनही परत घेऊ शकतो.